सुपरपॉवरवाल्या ओपन वर्ल्ड गेम्समध्ये मजा नक्की कशात असते?

प्रश्न असा आहे की स्पायडर-मॅन, इन्फेमस, प्रोटोटाइप, क्रॅकडाऊन असल्या सुपरपॉवरवाल्या ओपन वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे जिथे अख्खं शहर मोकळं असतं आणि वाटेल तिकडे फिरता येतं, लोकांना एवढं काय आवडतं, कथा बेताची, मिशन तीच तीच, हिरो इतका दांडगा की मरायची भीती नाही, मग लोक पन्नास पन्नास तास त्यात करतात काय? आणि जोडीला असंही विचारलंय की घरी साधा पीसी आहे, खेळायचंच झालं तर सुरुवात कुठून करू.

मी गेमप्ले डिझाइनमध्ये काम करतो, त्यातही जास्त करून कॅरेक्टरच्या हालचालीवर, म्हणजे धावणं, उडी, भिंत धरणं, पडणं, हे सगळं, ज्याला आमच्या धंद्यात ट्रॅव्हर्सल म्हणतात. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. कथेबद्दल आणि मिशनबद्दल तुमची तक्रार बऱ्याच गेम्सच्या बाबतीत खरी आहे, ती मी खोडणार नाही. पण ती खरी असूनही हे गेम हातातून सुटत नाहीत आणि याचं कारण माझ्या मते असं की इथे तुम्ही मुळात शत्रूशी खेळतच नसता, तुम्ही शहराशी खेळत असता. गुंड, सैनिक, बॉस हे सगळे येतात आणि जातात. शहर मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत समोर असतं आणि तुमच्या अंगात नवीन ताकद आली की तेच शहर वेगळं दिसायला लागतं. काल जी भिंत अडवत होती ती आज पायरी झालेली असते. ही जी गंमत आहे ना, ती दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या गेममध्ये इतकी मिळत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण २००४ चा स्पायडर-मॅन २, ट्रेआर्क या स्टुडिओने पीएस-टू, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांसाठी केलेला. त्याच्या आधीचे स्पायडर-मॅनचे गेम, म्हणजे २००० सालचा आणि २००२ सालचा, त्यात जाळं फेकलं की ते सरळ आकाशात कुठेतरी चिकटायचं. वर इमारत असो नसो. बटण दाबलं की हिरो झुलतोय, बस. दिसायला ठीक, पण हाताला काहीच लागत नव्हतं, कारण इमारती तिथे फक्त बघायला होत्या. ट्रेआर्कमधल्या जेमी फ्रिस्ट्रॉमने असा आग्रह धरला की जाळं खऱ्याखुऱ्या इमारतीला चिकटलं पाहिजे आणि पुढचं सगळं फिजिक्सने ठरलं पाहिजे. ऐकायला छोटा बदल वाटतो. पण त्यामुळे एकदम असं झालं की उजवीकडे उंच इमारत असेल तर तुम्ही उजवीकडे झुकत झुलणार, चौकात आलात तर कोपऱ्याच्या इमारतीला जाळं लावून वळण घेता येणार, आणि इमारती संपल्या की खाली यावं लागणार. शहराचा नकाशा पाठ करायची गरजच नाही, तो अंगात भिनतो.

झोपाळ्यावर मोठा झोका घेताना नेमकं कधी अंग सोडायचं हे आपल्याला कोणी शिकवत नाही ना, तसंच हे आहे. झोका सगळ्यात खाली असताना वेग सगळ्यात जास्त असतो, तिथे सोडलंत तर तुम्ही सपाट, लांब फेकले जाता. थोडं पुढे वर चढताना सोडलंत तर उंची मिळते. अगदी टोकाला सोडलंत तर वेगही नाही न् लांबीही नाही, जागच्या जागी खाली. हे तीन प्रकार कळले की खेळणारा आपोआप हिशोब करायला लागतो, समोर बुटकी इमारत आहे म्हणजे आता उंची हवी, लांब सरळ रस्ता आहे म्हणजे वेग हवा. एक बटण आणि एक निर्णय, पण तो निर्णय दर दोन सेकंदाला नवा. वीस वर्षं झाली तरी लोक त्या गेमची आठवण काढतात ती याच्यासाठी. त्यातली पिझ्झा पोचवायची मिशन कंटाळवाणी होती हे तेच लोक तुम्हाला सांगतील, आणि तरी पिझ्झा पोचवायला जाताना मजा यायची हेही तेच सांगतील.

आपल्याकडच्या लोकांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या नावाचा पीसीवर जो गेम आला होता तो हा नव्हताच. पीसीचा दुसऱ्या स्टुडिओने लहान मुलांसाठी केलेला वेगळा गेम होता, त्यात ठरलेल्या जागांनाच जाळं लागायचं. तेव्हा घरी नाहीतर सायबर कॅफेत पीसीच असायचा, कन्सोल फार थोड्या घरात, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येकांनी स्पायडर-मॅन २ म्हणून जे खेळलं ते हे दुसरंच, आणि त्यांना आजही कळत नाही की बाकी जग त्या गेमचं एवढं कौतुक का करतं. तुम्ही त्यातले असाल तर तुमचं मत बरोबरच आहे, फक्त ते वेगळ्या गेमबद्दल आहे.

यातले इतके गेम मॅनहॅटनमध्येच का घडतात हाही प्रश्न लोक विचारतात. कॉमिक्स तिथली आहेत हे एक कारण झालंच, पण डिझाइनच्या बाजूने बघितलं तर ते शहर झुलण्यासाठीच आखल्यासारखं आहे. १८११ च्या आराखड्याप्रमाणे काटकोनात कापलेले रस्ते, लांबच लांब सरळ अ‍ॅव्हेन्यू, आणि दोन्ही बाजूंना सलग उंच इमारती. म्हणजे डावीकडे एक जाळं, उजवीकडे एक जाळं, मध्ये मोकळी दरी. आणि मधोमध सेंट्रल पार्क, जिथे इमारती नाहीत, झाडंच आहेत. इन्सोम्नियाक या स्टुडिओच्या २०१८ च्या स्पायडर-मॅन गेममध्ये तुम्ही पार्कात शिरलात की जाळं झाडांना लागतं, झोके छोटे होतात, जमीन जवळ येते, आणि पलीकडे परत इमारतींच्या रांगेत शिरल्यावर जो वेग मिळतो त्याचं सुख त्या मधल्या मंद तुकड्यामुळे दुप्पट होतं. सगळीकडे सारखाच वेग असता तर काही वाटलं नसतं.

आमच्याकडे नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, मुंबईत असा गेम केला तर? जाळ्यावर झुलणारा हिरो फोर्टमध्ये किंवा गिरगावात चालणार नाही असं मला वाटतं, रस्ते वळणाचे आणि अरुंद, इमारती चार-पाच मजली, झोका पुरा व्हायच्या आत पाय जमिनीला लागतील. पण विजेवर चालणारा हिरो असेल तर मुंबईसारखं शहर नाही. चर्चगेट ते विरार साठेक किलोमीटर, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आणि खाली रूळ. म्हणजे शहर बदललं की पॉवर बदलायला लागते, हाच माझा मुद्दा आहे. आधी पॉवर ठरवायची आणि मग कुठलंही शहर खाली सरकवायचं, असं केलेले गेम लगेच ओळखू येतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर इन्फेमस. सकर पंच या स्टुडिओचा, २००९ चा, फक्त पीएस-थ्रीवर. हिरो कोल मॅकग्रा, एका स्फोटानंतर त्याच्या अंगात वीज आलेली. आता डिझाइनर म्हणून मला हा गेम का आवडतो ते सांगतो. कोलला वीज शहरातूनच ओढून घ्यावी लागते, दिव्याचा खांब, ट्रान्सफॉर्मर, गाडीची बॅटरी, जे मिळेल ते. म्हणजे लढाई चालू असताना तुमचा अर्धा डोळा शत्रूवर आणि अर्धा डोळा जवळचा खांब कुठे आहे यावर. शहराच्या ज्या भागात लाइट गेलेली असते तिथे तुम्ही दुबळे. मग गटारात उतरून सबस्टेशन चालू करायचं, तिथे नवीन पॉवर मिळते, वर येता तर अख्खा भाग उजळलेला, रुळांवरून आणि तारांवरून घसरत जाता येतं. कथा काय सांगते ते सोडा, इथे शहराचं बरं होणं आणि तुमचं ताकदवान होणं ही एकच घटना आहे, वेगळा डायलॉग लागत नाही. बंदूक नाही, गाडी नाही, आणि खोल पाण्यात पडला तर मेला. या तीन बंदीमुळे तो हिरो खरा वाटतो. बऱ्यावाईट निवडींची जी कर्मा सिस्टिम होती, चांगला वागलात तर निळी वीज आणि वाईट वागलात तर लाल, ती मला कधीच फार खोल वाटली नाही, पण वीज ओढण्याचा हिशोब मात्र आजही नवीन लोकांना शिकवायला मी तोच वापरतो.

त्याच्याच मागोमाग, त्याच उन्हाळ्यात प्रोटोटाइप आला, कॅनडातल्या रॅडिकल एंटरटेनमेंटचा. तेव्हा कोणता भारी यावर जी भांडणं झाली त्याला तोड नाही, आणि आपल्याकडे प्रोटोटाइप जास्त खेळला गेला कारण तो पीसीवर होता. हे दोन गेम वरून सारखे आणि आतून उलटे आहेत. इन्फेमसमध्ये तुम्ही इमारत चढता, एकेक खिडकी, एकेक पाइप. प्रोटोटाइपमध्ये अ‍ॅलेक्स मर्सर धावायचं बटण दाबून ठेवलं की वाटेत गाडी आली तर गाडीवरून, माणूस आला तर माणसाला उडवून, भिंत आली तर सरळ भिंतीवर धावत जातो, थांबणं हा प्रकारच नाही. रॅडिकलने २००५ मध्ये हल्कचा गेम केला होता, अल्टिमेट डिस्ट्रक्शन, त्यात हल्क गाडी मधून फाडून हातात लोखंडी मुठीसारखी घालायचा, तिथूनच हा अडथळाच न मानणारा वेग आलेला आहे. पण अशा हिरोला रोखायचं कसं? तर रॅडिकलने वेश बदलणं आणलं. मर्सर माणसाला गिळून त्याचं रूप घेतो, सैनिकाच्या रूपात छावणीत शिरतो, आणि पुढे एक पॉवर अशी मिळते की तुम्ही बाजूच्या निरपराध सैनिकाकडे बोट दाखवून हाच तो म्हणायचं, बाकीचे त्याच्यावर गोळ्या घालतात. हे भयंकर आहे, गेमलाही माहीत आहे ते भयंकर आहे. पण बघा, ज्याला भिंत अडवत नाही त्याला गर्दी अडवते. लपायचं असेल तर सगळ्यांसारखं सावकाश चालावं लागतं, आणि इतक्या वेगानंतरचं ते चालणं फार तणावाचं होतं.

तुमचा जो मुद्दा आहे, मरायची भीतीच नाही मग मजा कशी, त्याचं खरं उत्तर इथे आहे. भीती लागत नाही, मर्यादा लागते. सुपरमॅनचे चांगले गेम इतके कमी का, याचं कारण हेच. २००६ मध्ये इए या कंपनीने चित्रपटासोबत सुपरमॅन रिटर्न्सचा गेम काढला, आणि त्यांना प्रश्न पडला की याला तर काहीच होत नाही, मग हेल्थ बार, म्हणजे किती जीव उरलाय ती पट्टी, कोणाची दाखवायची. त्यांनी शहराची दाखवली. मेट्रोपोलिसचं, म्हणजे सुपरमॅनच्या शहराचं, नुकसान जास्त झालं की तुम्ही हरलात. कल्पना म्हणून मला ती आजही फार हुशार वाटते, सुपरमॅनला काळजी कशाची असते हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण गेम जमला नाही, कारण ज्याला वाटेल तिथून वाटेल तिथे सरळ रेषेत उडता येतं त्याच्यासाठी शहर म्हणजे खालचा नकाशा. इमारतीच्या उंचीला अर्थ नाही, गल्लीला अर्थ नाही, कोपऱ्याला अर्थ नाही. उडणं ही स्वप्नात सगळ्यात मोठी पॉवर आणि गेममध्ये सगळ्यात अवघड.

उडणं जमलंय कुठे? जिथे उडण्याला काहीतरी अट आहे तिथे. ग्रॅव्हिटी रश, २०१२ चा, सोनीच्या व्हीटा या हातात धरायच्या कन्सोलवर आलेला, त्यात कॅट नावाची मुलगी उडत नाहीच, ती पडते. गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलायची आणि त्या दिशेला पडायचं, आणि मीटर संपायच्या आत कुठेतरी टेकायचं. त्यामुळे इमारतीची भिंत म्हणजे जमीन होते, पुलाची खालची बाजू म्हणजे अंगण होतं. २०१९ च्या अँथममध्ये सूट घालून उडताना इंजिन तापायचं, मग धबधब्याच्या पाण्यातून जायचं की थंड होणार. त्या गेमच्या बाकी गोष्टींवर लोक खूप चिडले आणि चिडण्यासारखं होतंच, पण धबधब्यातून उडत जाणं मात्र सगळ्यांना आवडलं. कारण तिथे निसर्गाचा एक तुकडा तुमच्या कामाचा झाला.

आता हिरोची ताकद वाढण्याबद्दल, कारण पन्नास तासांचा प्रश्न तिथे सुटतो. क्रॅकडाऊन, फेब्रुवारी २००७, एक्सबॉक्स ३६०, स्कॉटलंडच्या रिअलटाइम वर्ल्ड्सने केलेला. बऱ्याच जणांनी तो डबा घेतला तो त्यात हेलो ३ या दुसऱ्या गेमच्या बीटाची, म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या चाचणी आवृत्तीची, सोय होती म्हणून, आणि मग क्रॅकडाऊनच खेळत बसले. त्यात अख्ख्या शहरभर छपरांवर हिरवे चमकणारे गोळे ठेवलेत, ५०० आहेत, एक घेतला की उडी किंचित वाढते. किंचित म्हणजे लगेच जाणवणार नाही इतकी. सुरुवातीला दुसऱ्या मजल्याची गच्ची गाठतानाही दमछाक होते. तिथे पोचलात की तिथून तीन गोळे दिसतात, दोन हाताशी आणि एक पलीकडच्या टॉवरवर, आत्ता जमणार नाही असा. ते दोन घेऊन झाले की तिसरा जमेल असं वाटायला लागतं. कथा जवळजवळ नाहीच, तीन टोळ्या आहेत, म्होरके कोणत्याही क्रमाने संपवा, आणि लोक म्होरके सोडून गोळ्यांच्या मागे. गोळ्याचा एक बारीक गुणगुणता आवाज येतो जवळ गेल्यावर, दिसत नसला तरी कळतं इथे कुठेतरी आहे, आणि तो आवाज ऐकू आला की मिशन बाजूला राहतं.

लोक याला नुसतं गोळा करण्याचं वेड म्हणतात, मला ते पटत नाही. गोळा करण्यासारख्या वस्तू प्रत्येक ओपन वर्ल्डमध्ये असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या ओझं होतात. क्रॅकडाऊनमध्ये ते चालतं कारण जे गोळा करता त्यानेच पुढचं गोळा करता येतं, आणि ते कुठे ठेवलंय हे कोणीतरी विचार करून ठेवलंय. छपरावरचा गोळा म्हणजे डिझाइनरने न बोलता सांगितलेलं आहे की इथून वर रस्ता आहे, शोध. आम्ही लेव्हल करतो तेव्हा करड्या ठोकळ्यांचं शहर आधी उभं करतो, रंग नाही, खिडक्या नाहीत, आणि टेस्टला बसलेल्या माणसाला सांगतो की त्या खुणेपर्यंत जा. खुणेकडे सरळ गेला तर आमचं काम झालेलं नाही. वाटेत मान वर करून तिथे चढता येईल का बघू असं करायला लागला, की मग आम्ही त्या ठोकळ्यांवर रंग चढवायला घेतो.

हातात जे जाणवतं त्यातलं बरंच डोळ्यांना दिसत नाही, हेही थोडं सांगतो. काठावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) उडीचं बटण चालतं, जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी दिली जाते. सेकंदाला ३० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, एवढ्याशा जागेत गेम तुमची बाजू घेतो आणि तुम्हाला वाटतं मीच किती अचूक. वेग वाढला की कॅमेरा मागे सरकतो, नजरेचा कोन रुंद होतो, कानात वारा घोंगावतो, कंट्रोलर थरथरतो. इन्सोम्नियाकच्या गेममध्ये तर झोका कुठून घ्यायचा याची जागा गेम तुमच्या दिशेचा अंदाज घेऊन निवडतो, भिंतीवर आपटायच्या आधी हळूच वळवतो. काही जुन्या खेळाडूंना हे आवडलं नाही, त्यांना २००४ सारखी मोकळीक हवी होती, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. म्हणूनच इन्सोम्नियाकच्याच २०२३ च्या स्पायडर-मॅन २ मध्ये (नाव तेच, पण २००४ चा नव्हे) सेटिंगमध्ये हा मदतीचा आकडा १० वरून ० पर्यंत खाली आणता येतो आणि उंचावरून पडल्यावर लागणंही चालू करता येतं. ० वर खेळून बघा कधी, पहिला तासभर नुसतं आपटणं होईल आणि मग एकदम काहीतरी जुळेल.

इन्सोम्नियाकबद्दल अजून एक. २०१४ मध्ये त्यांनी सनसेट ओव्हरड्राइव्ह केला होता, त्यात जमिनीवर चालणं मुद्दाम संथ ठेवलेलं, खाली राहिलात तर मार खाणार, तारा, कठडे, रेलिंग यांवरून घसरत राहिलात तरच जगणार. खेळाडूला जमिनीवरून उठवायचं कसं याची ती तालीम होती असं मी समजतो, स्पायडर-मॅन त्यानंतर आला.

वेगाला एक साधी यांत्रिक मर्यादाही असते. हिरो जितक्या जोरात जाणार तितक्या जोरात पुढचं शहर डिस्कवरून वाचून आणायला पाहिजे. पीएस-फोरच्या हार्ड डिस्कसाठी स्पायडर-मॅनमध्ये रस्त्यावरच्या पोस्टाच्या पेट्यांसारख्या वस्तू डिस्कवर शेकडो वेळा परत परत साठवलेल्या होत्या, का तर वाचणारा काटा इकडे तिकडे पळू नये. २०१९ मध्ये पीएस-फाइव्हची रचना करणाऱ्या मार्क सर्नीने त्या कन्सोलचं पहिलं दर्शन दिलं तेही याच गेमवर, फास्ट ट्रॅव्हलला, म्हणजे नकाशावर जागा निवडून थेट तिथे पोचायला, जिथे १५ सेकंद लागायचे तिथे ०.८ सेकंद. गंमत म्हणजे जिथे झुलणं इतकं छान आहे तिथे फास्ट ट्रॅव्हल वापरावंसंच वाटत नाही. मी कुठलाही ओपन वर्ल्ड गेम जोखताना पहिल्यांदा हेच बघतो, माणूस नकाशा उघडून उडी मारून जातोय का स्वतः जातोय.

पात्राचा स्वभावही हालचालीत आणि मारामारीत उतरलेला असला पाहिजे, नुसता डायलॉगमध्ये नाही. स्पायडर-मॅन माणसं मारत नाही, बरोबर? मग खेळाडूने गुंडाला गच्चीवरून ढकललं तर? इन्सोम्नियाकच्या गेममध्ये तो गुंड खाली पडत नाही, आपोआप जाळ्याने भिंतीला चिकटतो. कोणी सांगत नाही, पण ते बघितल्यावर तुम्हाला कळतं तुम्ही कोण आहात. उलट प्रोटोटाइपमध्ये धावताना तुम्ही लोकांना उडवत जाता आणि जीव कमी झाला की त्यांनाच खाता, आणि तिथेही तुम्हाला कळतं तुम्ही कोण आहात. कथा बेताची म्हणता तेव्हा ही कथा धरली जात नाही, आणि ती धरायला हवी.

हे सगळं असून गेम फसतात कसे? सेंट्स रो ४ मध्ये, २०१३ चा, पळण्याची आणि उडीची पॉवर इतकी जोरदार आणि इतक्या लवकर दिली की गाड्या, ज्यांच्यावर आधीचे भाग उभे होते, त्या निरुपयोगी झाल्या. खेळायला तो धमाल आहे आणि मला आवडतो, पण शहर मागच्याच भागातलं, गाडीसाठी बनवलेलं, आणि ते जाणवत राहतं. क्रॅकडाऊन ३ ने, २०१९ मध्ये, अख्ख्या इमारती पाडता येतील अशी आशा लावली होती, ती पाडापाडी शेवटी फक्त मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायच्या भागात, आली आणि मुख्य शहर तसंच घट्ट राहिलं. फोरस्पोकनचं, २०२३, मला खरंच वाईट वाटतं, कारण जादूच्या जोरावर धावण्याची त्यातली हालचाल सुंदर होती, पण भोवती मोकळी माळरानं आणि कडे, अंगाला भिडेल असं थोडंच. हालचाल करणाऱ्या टीमने जीव ओतलेला दिसतो आणि जग करणाऱ्यांना ती हालचाल वेळेवर मिळाली नसावी असं बघताना वाटत राहतं. आमच्याकडे हे फार वेळा होतं, दोन टीम शेजारी बसून वेगवेगळे गेम करत असतात. उडीची उंची एकदा ठरली की तीच मोजपट्टी घेऊन गच्च्या, कठडे, गल्ल्यांची रुंदी ठरायला हवी. नंतर उंची बदलली तर शहर परत मोजावं लागतं, आणि ते करायला कोणी वेळ देत नाही.

तीच तीच मिशन, चोऱ्या थांबवा, टॉवर चालू करा, हे मला स्वतःलाही नको झालंय. २०१८ च्या स्पायडर-मॅनमध्येही ते आहे. तरी त्यातल्या ५५ बॅगा मी सगळ्या शोधल्या, कारण पीटरने विसरलेल्या प्रत्येक बॅगेत त्याच्या जुन्या आयुष्यातली एखादी वस्तू निघते आणि त्यावर तो दोन वाक्यं बोलतो.

आता तुमच्यासाठी. साधा पीसी म्हणजे जुनं किंवा बेताचं ग्राफिक कार्ड असं धरतो. प्रोटोटाइपपासून सुरू करा, सेलमध्ये स्वस्तात मिळतो, चालायला फार काही लागत नाही, फक्त रक्तपात भरपूर आहे तेव्हा घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर नको. सेंट्स रो ४ आणि सनसेट ओव्हरड्राइव्हही पीसीवर आहेत, दोन्ही हलकेफुलके. ग्राफिक कार्ड बरं असेल आणि ७५ जीबी जागा असेल तर स्पायडर-मॅन रीमास्टर्ड, म्हणजे २०१८ चाच गेम सुधारून काढलेला, घ्या, पीसीवर २०२२ मध्ये आला, शक्यतो एसएसडीवर टाका. त्यानंतर त्याच मालिकेतला माइल्स मोरालेस, तो छोटा आहे आणि मला जास्त आटोपशीर वाटतो. २०२३ वालाही २०२५ मध्ये पीसीवर आला पण त्याला मशीन तगडं लागतं. इन्फेमस पीसीवर कधी आलेच नाहीत, कोणा मित्राकडे पीएस-फोर असेल तर इन्फेमसचाच सेकंड सन हा भाग मागून घ्या, त्यातला धूर होऊन व्हेंटिलेशनच्या नळीतून थेट गच्चीवर निघणारा हिरो बघाच. एक्सबॉक्स असेल तर पहिला क्रॅकडाऊन मायक्रोसॉफ्टने फुकट केला होता, स्टोअरमध्ये शोधा.

आणि शक्य असेल तर कंट्रोलर घ्या, साधा चालेल. कीबोर्डवर हे गेम खेळता येतात पण झोका नीट लागत नाही, कंट्रोलरची स्टिक अर्धी झुकवणं आणि पूर्ण झुकवणं यातला फरक बटणाला कळत नाही. पहिल्या दिवशी मिशनच्या खुणेकडे जाऊ नका, सगळ्यात उंच जी इमारत दिसेल ती चढा, वरून उडी टाका, आणि जमिनीला न लागता किती लांब जाता येतंय ते बघा. तासाभराने कंटाळा आला तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, पैसे परत मागा, स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो.